पाणी उतरल्यावर

पुण्या-मुंबईच्या वाचकाने आमच्या कुहीचे नाव ऐकलेच असेल, तर ते बहुधा मिरचीच्या भावाबरोबर ऐकले असेल. नागपूरपासून चाळीसएक किलोमीटरवर, उमरेडच्या रस्त्याला फाटा फुटतो तेथून आत. तालुक्याचे ठिकाण म्हणावे तर आहे. गाव म्हणावे तर अजून गावच आहे. हंगामात कुही-मांढळच्या बाजूला मिरचीचे सातरे लाल होतात, बाया तोंडाला पदर बांधून दिवसभर देठ खुडीत बसतात, आणि एस.टी.तून जाणारा परका पाहुणा शिंकून शिंकून बेजार होतो. एवढे पाहून तो पुढे निघून जातो, आणि कुही म्हणजे कोरडा, तिखट मुलूख अशी समजूत घेऊन घरी पोहोचतो.

पण हा तालुका कोरडा नाही. उत्तरेच्या अंगाने कन्हान येते. नागपूर शहराची सारी घाण पोटात घेऊन नाग नदी तिला मिळते. पूर्वेला वैनगंगा. उमरेडकडून आम नदी येते. आंभोऱ्याला ही सगळी पाणी एकत्र होतात. पाच नद्यांचा संगम म्हणून ते क्षेत्र प्रसिद्ध आहे. मी मराठीचा अध्यापक असल्यामुळे दरसाल मुलांची एक तुकडी तेथे नेतो. आद्यकवी मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ लिहिला तो ह्याच आंभोऱ्याला, असे आम्ही विदर्भातले लोक मानतो. मराठवाड्याची मंडळी अंबेजोगाईचा हक्क सांगतात. तो वाद येथे काढीत नाही. मुलांना मात्र मी टेकडीवर उभे करून खालचे पाणी दाखवितो. आता तेथे तारांनी तोललेला मोठा पूल झाला आहे, आणि खाली पसरलेले पाणी नुसत्या नदीचे नसून गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्याचेही आहे. सातशे-आठशे वर्षांपूर्वीचा ग्रंथ आणि कालपरवाचे धरण एकाच नजरेत मावावे, अशी जागा महाराष्ट्रात फार नसेल.

ह्या पाण्याची गोष्ट सांगावयाची म्हणजे २०२० सालच्या ऑगस्टपासून सुरुवात केली पाहिजे.

ते करोनाचे वर्ष. माणसे आधीच तोंडे झाकून एकमेकांपासून दूर पळत होती. महालक्ष्म्या नुकत्याच उठल्या होत्या. घरोघर गणपती बसलेले होते. २८ ऑगस्टच्या सुमारास सातपुड्याच्या बाजूला आणि मध्य प्रदेशात पाऊस जो लागला तो हटेना. पेंचवरच्या तोतलाडोह आणि नवेगाव खैरी धरणांचे दरवाजे उघडावे लागले, कन्हान फुगली. तिकडे शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचे पाणी वैनगंगेत सुटले. पारशिवनी, कामठी, मौदा आणि कुही ह्या तालुक्यांतल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले. भंडारा शहर बुडाले, आणि तोच लोंढा पुढे चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत गेला. आपल्या शेतावर पडलेल्या पावसाची शेतकऱ्याला अटकळ असते. हा पूर पुष्कळसा परक्या मुलखातल्या पावसाचा होता. जुन्या जाणत्यांना मुंग्यांच्या रांगांवरून आणि वाऱ्याच्या दिशेवरून जे कळते, ते धरणाच्या दरवाजांच्या बाबतीत कळत नाही. ते कळावयास फोन वाजावा लागतो, आणि तो वेळेवर वाजावा लागतो.

पाणी उतरल्यावर सरकारी माणसे आली, पंचनामे झाले. पडलेल्या भिंती, वाहून गेलेली जनावरे, सडलेले धान, खरडून गेलेली जमीन. प्रत्येक नुकसानीला कागदावर रकाना होता. रक्कम कोणाला लवकर मिळाली, कोणाला उशिरा, कोणाला अपुरी. त्याच्या तक्रारी अनेक झाल्या आणि त्या योग्य जागी झाल्या, म्हणून त्यांचा पाढा येथे वाचीत नाही. मला सांगावयाचे आहे ते रकाना नसलेल्या नुकसानीबद्दल.

माझ्या बी.ए.च्या वर्गात नदीकाठच्या एका गावचा मुलगा होता. वर्ग त्या दिवसांत मोबाईलवरच चालत. पुरानंतर हा मुलगा हजेरीला ओ देईनासा झाला. कॉलेज पुन्हा उघडले तेव्हा आला आणि शेवटच्या बाकावर बसू लागला. एके दिवशी तास संपल्यावर मी त्याला थांबवून घरची चौकशी केली. घर पडले होते, तेही उभे राहत होते. आई बरी होती. बैल वाचले होते. मग अडचण कसली? बराच वेळ तो खाली पाहत राहिला आणि म्हणाला, “बा झोपतच नाई सर. रातच्याला उठते अन् बॅटरी घेऊन नदीवर जाते. पाणी पायते अन् वापस येते. लोकं हासते त्याले.”

पूर येऊन गेल्याला तेव्हा पाच-सहा महिने झाले असतील. नदी तळाला गेली होती. दिवसा हा गृहस्थ शेतात जाई, जेवी, बाजार करी, चारचौघांत बोले. फक्त उत्तरेकडे गडगडले की धानाची पोती माळ्यावर चढवू लागे, आणि रात्री नदीवर जाऊन यायचे त्याला चुकत नसे. डॉक्टरकडे नेले का, असे मी विचारले. मुलगा चटकन म्हणाला, “तो काई येडा नाई सर.”

ह्या उत्तरापाशी मी बरेच दिवस अडून बसलो. मराठीच्या मास्तराला एक खोड असते. शब्द दिसला की त्याचे पोट फाडून पाहावयाचे. आपल्या भाषेला मनाचे दुखणे ठाऊक नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. माणूस धसका घेतो, हाय खातो, सुन्न बसतो. त्याचे हातपाय गळतात, त्याचे अन्नावर मन राहत नाही, त्याचा जीव कशात लागत नाही. ह्यांतले बहुतेक शब्द शरीराच्या भाषेतले आहेत, हे पाहण्यासारखे आहे. हाय ‘खाल्ली’ जाते, धसका ‘घेतला’ जातो. म्हणजे बाहेरून काहीतरी आत येते आणि तेथे बसून राहते, अशी आपल्या लोकांची समजूत. ती फारशी चुकीची नाही. पण ह्या सगळ्या शब्दांच्या पलीकडे, गावाच्या वेशीवर म्हसोबा बसवावा तसा, एक शब्द बसविलेला आहे: ‘येडा’. धसका घेतलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावयाचे म्हणजे ती वेस ओलांडावयाची. नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ पासूनचे आहे; त्याचे नाव आमच्याकडे शाळकरी पोरे एकमेकांना चिडवावयास वापरतात. अशा स्थितीत रात्री नदीवर जाणाऱ्या बापाला दवाखान्याची वाट कोण दाखविणार?

आणि दाखवावी तरी का, असाही प्रश्न आहे. पूर, भूकंप, आग अशा संकटांनंतर झोप उडणे, दचकणे, तेच तेच दिसणे हे आजाराचे लक्षण मानू नये, बहुतेक माणसे आधार मिळाला तर आपोआप सावरतात, असे ह्या विषयातले जाणकार आता सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली संकटात काम करणाऱ्यांसाठी एक छोटी मार्गदर्शिका काढली. तिचे सार तीन क्रियापदांत आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. कोणाला काय हवे ते पाहा. बोलेल तेवढे ऐका. आणि त्याला त्याच्या माणसांशी, मदतीशी जोडून द्या. ‘काय काय झाले ते सगळे सांग’ असे खोदून खोदून विचारू नका, हेही तीत बजावले आहे. आमच्याकडे पुराच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरे घेऊन आलेल्या पाहुण्यांनी नेमके तेच केले. असो.

आता ही तीन क्रियापदे पाहिली की वाटते, हे तर आपल्या सुतकात होतेच! मयत झालेल्या घरी चूल पेटत नाही; शेजारचे लोक जेवण घेऊन येतात. कोणीतरी म्हातारी येऊन नुसती बसते. ती उपदेश करीत नाही. ठरलेल्या दिवसांनंतर घरच्यांना हाताला धरून पुन्हा व्यवहारात आणले जाते. मरणाच्या दुःखासाठी आपल्याजवळ ही रीत आहे. पण पुरात माणूस गेले नाही, नुसते घर गेले, गोठा गेला, पंचवीस वर्षे ओळखीची असलेली नदी एका रात्रीत वैरीण झाली, तर त्या दुःखाला सुतक नाही. त्याला कोणी बसावयास येत नाही, कारण सगळ्यांचेच गेलेले असते.

मोवाडच्या लोकांना हे आमच्यापेक्षा अधिक कळते. मोवाड आमच्याच जिल्ह्यातले, पण पार दुसऱ्या टोकाचे, नरखेड तालुक्यातले. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने त्या गावातली २०४ माणसे नेली. तीस वर्षे उलटून गेली, नवे मोवाड वसले, तरी दर ३० जुलैला लोक गेलेल्यांच्या स्मरणासाठी एकत्र येतात. तो दिवस पाळला जातो म्हणूनच त्या गावची आजची पोरे नदीकडे शहाण्यासारखी पाहत असतील, असे मला वाटते. पुराची आठवण आणि पुराची तयारी ह्या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत. जे गाव एकत्र बसून आठवू शकते, ते एकत्र बसून पुढच्या पावसाळ्याचा विचारही करू शकते.

तयारीचे म्हणाल तर आम्हा नागपूरकरांना त्या बाबतीत मोठा मान आहे. १९५७ साली आपत्तीतल्या मदतकार्याचे शिक्षण देणारी एक केंद्रीय संस्था नागपुरात निघाली. तीच पुढे राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय म्हणून ओळखली गेली आणि आता एनडीआरएफच्या अकादमीत सामावली आहे. त्याच वर्षी अग्निशमनाचे राष्ट्रीय महाविद्यालयही रामपूरहून नागपुरास आले. म्हणजे देशभरच्या लोकांनी दोर कसा टाकावा, शिडी कशी लावावी, ढिगाऱ्यातून माणूस कसा काढावा हे शिकावयास ज्या शहरात यावे, त्या शहरापासून आम्ही सकाळच्या एस.टी.च्या अंतरावर आहोत. तरीही पाणी रात्री दोन वाजता चढले तर पहिल्या तासात आपल्या दाराशी येणारा माणूस ह्या संस्थांतला नसतो. तो शेजारी असतो. जवान आणि त्यांच्या रबरी होड्या नंतर येतात, आणि त्या आल्या म्हणजे आम्ही मनापासून हात जोडतो. पण तोवर कोणाची म्हातारी कोणत्या खोलीत निजते हे शेजाऱ्यालाच ठाऊक असावे लागते.

किल्लारीने हे सबंध महाराष्ट्राला शिकविले. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बुडवून माणसे गाढ झोपली होती. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे दगडमातीच्या भिंतींखाली गेली. त्यानंतरच्या पुनर्वसनाच्या अनेक कहाण्या आहेत, त्यांतल्या काही न सांगण्यासारख्या. पण एक मुद्दाम सांगण्यासारखी आहे. घरे दुरुस्त आणि मजबूत करण्याच्या कामात सरकारने गावोगावच्या बायांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले. प्रेमा गोपालन ह्यांच्या स्वयम् शिक्षण प्रयोग ह्या संस्थेने हे काम उभे केले आणि ते बाराशेच्या आसपास गावांत पोहोचले. ज्या बाईने तोवर ग्रामपंचायतीची पायरी चढलेली नव्हती, ती भिंतीत आडवे बंध कोठे हवेत, दगड कसा सांधावा, अनुदानाचा हप्ता कधी मिळतो हे घरोघर समजावून सांगू लागली. इंजिनियरला जे विचारावयास माणसे संकोचत, ते ह्या बाईला विचारीत. आणि भिंतीचे बोलणे झाले की तिच्याजवळ दुसरे बोलणे निघे. गेलेल्या लेकराचे, न येणाऱ्या झोपेचे. असे झाल्याचा कागद मी दाखवू शकणार नाही. पण दोन बाया उंबऱ्यावर बसल्या आणि बोलणे फक्त भिंतीवर थांबले, हे मला कोणी सांगू नये. २००१ साली गुजरातेत भूकंप झाला तेव्हा मराठवाड्याच्या ह्याच बाया कच्छमध्ये गेल्या. भाषा निराळी, पण पडलेल्या घरापुढे बसलेल्या बाईला काय सांगावे हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

मनाच्या दुखण्याचा वेगळा प्रयोग आमच्या विदर्भातच झाला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची काळी छाया असलेल्या मुलखात, ‘विश्राम’ नावाचा उपक्रम चालला. राहुल शिधये, विक्रम पटेल ह्या डॉक्टर मंडळींचा तो उपक्रम. गावातल्याच साध्या कार्यकर्त्यांना शिकवून त्यांनी घरोघर जाऊन मनाच्या दुखण्याविषयी बोलावयाचे, पहिला आधार द्यावयाचा, अधिक त्रास असेल त्याला समुपदेशकाकडे आणि गरज पडली तर डॉक्टरकडे न्यावयाचे, अशी पद्धत होती. त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. औदासीन्याच्या विकाराने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरात चार-साडेचार लोक कसलीतरी मदत घेत. उपक्रमानंतर सत्तावीस घेऊ लागले. सत्तावीस म्हणजे काही शंभर नव्हेत, हे खरे. पण दवाखाना होता तेथेच होता, डॉक्टर होते तेवढेच होते. बदल झाला तो दाराशी येऊन बसणाऱ्या ओळखीच्या माणसाने.

ह्याहून गमतीची हकीकत आफ्रिकेतली आहे. झिंबाब्वे देशात मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. तेथल्या डिक्सन चिबांडा नावाच्या डॉक्टरांनी २००६ साली हरारे शहरात चौदा आजीबाईंना हाताशी धरले आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाक मांडले. आजीने बाकावर बसावयाचे, येईल त्याचे ऐकावयाचे. आधी त्या बाकाला मनोविकाराचे नाव होते, तेव्हा कोणी फिरकेना. आजीबाईंनीच सांगितले, नाव बदला. मैत्रीचे बाक म्हटल्यावर माणसे येऊ लागली! त्यांच्या शोना भाषेत ह्या दुखण्याला जो शब्द आहे त्याचा अर्थ ‘फार विचार करणे’ असा होतो. आमच्या कुहीच्या बाजारात एखादी बाई आपल्या नवऱ्याबद्दल ‘इचार करकरून बसला’ असे म्हणते, तेव्हा ती तोच शब्द बोलत असते.

हे सगळे वाचून-ऐकून आम्ही काय केले, असे वाचक विचारील. फार काही केले नाही. माझ्याकडे कॉलेजातल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे काम आहे. ही योजना १९६९ साली गांधी-शताब्दीच्या वर्षी निघाली. तिच्या शिबिरांत झाडे लावणे आणि रस्ते झाडणे पुष्कळ होते. आम्ही त्या मुलाच्या गावी शिबिर नेले आणि झाडू बाजूला ठेवून गावाची एक वही करावयाचे ठरविले. गावातल्या बचत गटाच्या बाया, आशाताई, पोलीस पाटील, कोतवाल आणि डोंगे वल्हविणारे ढीवर, एवढे सगळे बरोबर असल्याशिवाय कोणत्याही दारात जावयाचे नाही, असा नियम केला. त्यामुळे पहिले दोन दिवस माणसे जमविण्यातच गेले. पोलीस पाटील आणि बचत गटाच्या अध्यक्षा ह्यांचे आपसांत बोलणे नव्हते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळले.

वहीत प्रत्येक घराला तीन प्रश्न. ह्या घरात स्वतःच्या पायांनी चालू न शकणारे कोण आहे? रात्री येथून हाक मारली तर पहिल्यांदा कोणाला ऐकू जाईल? आणि मागच्या पुरापासून झोप कोणाची उडाली आहे?

पहिल्याचे उत्तर लगेच मिळे. आंधळी आजी, लकवा झालेला काका, दिवस भरलेली सून. दुसऱ्यावर हशा व्हावयाचा. ‘त्याले काय आयकू येते, तो तं कानानं भयरा हाय’ असली थट्टा चाले. पण त्या थट्टेतूनच कोणाचे कोणाशी येणेजाणे आहे आणि कोणत्या दोन घरांत कुंपणावरून वैर आहे, हे वहीत उतरे. पुरात ते माहीत असणे फार जरूरीचे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र ओटीवरचे पुरुष एकजात गप्प. कोणाचीच झोप उडालेली नव्हती! उत्तरे मिळाली ती संध्याकाळी, हापशीवर. आमच्या विद्यार्थिनी तेथे गुंड भरावयास गेल्या, आणि सुनांनी त्यांना एकेकाचे सांगितले. अमक्याचा सासरा पाऊस लागला की बोलत नाही. तमकीची पोरगी आंघोळीला बसवली की किंचाळते. एक तरणाताठा माणूस पुरात बुडालेल्या आपल्या जोडीच्या बैलाचे नाव घेऊन झोपेत हाका मारतो. ही नावे आम्ही वहीत घेतली नाहीत. ती आशाताईच्या आणि गावातल्या एका वयस्क विधवा बाईच्या तोंडी ठेवली. कोणाच्याही मयतीला आधी तिला बोलावतात. कोठे बसावे आणि कधी उठावे हे त्या बाईला जन्मापासून कळते.

त्या मुलाच्या बापाचे नाव अर्थात निघालेच. गावाची बैठक बसली तेव्हा नदीवर रात्री पाणी पाहावयास कोणाला नेमावे हा प्रश्न आला. आम्ही पुलाच्या खांबावर पांढऱ्या आणि तांबड्या रंगाच्या खुणा करून घेतल्या होत्या. कोणीतरी चेष्टेने म्हणाले, पाटील, तो हाय नं, तसाही जातेच! हशा पिकला. पण ढीवरांचा म्हातारा हसला नाही. तो म्हणाला, बरोबर हाय, त्यालेच द्या. आणि ते काम त्याला दिले गेले. तहसीलच्या नियंत्रण कक्षाचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये भरून दिला, धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप सरपंचाबरोबर त्यालाही कळावा अशी सोय केली, आणि त्याच्या जोडीला आळीपाळीने एकेक तरुण दिला.

ह्याने तो बरा झाला, असे मी म्हणणार नाही. मी डॉक्टर नव्हे. पहिल्या पावसाळ्यात त्याने दोनदा गावाला फुकट उठविले. अर्धी झोपलेली पोरे काखोटीला मारून माणसे शाळेच्या उंचवट्यावर गेली, आणि सकाळी नदी आपल्या जागी! शिव्या पुष्कळ पडल्या. त्याला काढा, असेही काही म्हणाले. मी मुद्दाम जाऊन सांगितले की दोनदा फुकट उठलेले गाव तिसऱ्यांदा रस्ता चुकत नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये वैनगंगा पुन्हा चढली, भंडाऱ्यात पुन्हा पाणी शिरले, तेव्हा तांबड्या खुणेच्या दोन विती खाली पाणी असतानाच लकवा झालेला काका बाजेसकट शाळेत पोहोचलेला होता. मुलगा सांगतो की बाप हिवाळ्यात आता रात्रभर झोपतो. पावसाळ्यात झोपत नाही. पण आता त्याला कोणी हसत नाही.

अशा कामाचे गोडवे फार गाऊ नयेत, कारण त्याने भागत नाही अशी माणसेही असतात. ज्याने खाणे सोडले, जो जीव द्यावयाची भाषा करतो, ज्याला नसलेले आवाज ऐकू येतात, त्याच्यापाशी म्हातारीने बसून चालावयाचे नाही. त्याला डॉक्टरच हवा, आणि लवकर हवा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सरकारची टेली-मानस नावाची दूरध्वनी-सेवा सुरू आहे. १४४१६ हा आकडा फिरवला की मराठीतही बोलता येते. तो आकडा आम्ही शाळेच्या भिंतीवर आणि किराणा दुकानाच्या फळीवर लिहून ठेवला आहे. त्यावर किती जणांनी फोन केला हे आम्ही विचारीत नाही.

दुसरेही एक सांगितले पाहिजे. शेजाराचे एवढे गुणगान मी करतो आहे, पण आमच्या तालुक्यात शेजार मोडण्याचे काम पुरापेक्षा धरणाने अधिक केले. गोसीखुर्दची कोनशिला १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते बसली. त्या पाण्याखाली भंडारा आणि नागपूर जिल्ह्यांतली कितीतरी गावे गेली, आणि त्यांत कुहीची गावे आहेत. पुनर्वसनाच्या नकाशात घराला लागून घर येते. जुना शेजार येतोच असे नाही. सरळ रेषेतल्या रस्त्यांवर भूखंडांच्या नंबरांनी माणसे बसविली जातात. जुन्या गावी ज्या म्हातारीची हाक तीन घरांना ऐकू जाई, तिच्या शेजारी आता दुसऱ्याच आळीचे, कधी दुसऱ्याच गावचे बिऱ्हाड असते. अशा वसाहतीत आमची वही घेऊन गेलो तेव्हा दुसऱ्या प्रश्नाला हशा झाला नाही. ‘रात्री हाक मारली तर कोणाला ऐकू जाईल?’ ह्यावर एक माणूस नुसता म्हणाला, “आयकू सबनलेच जाईल सर. येईन कोन?” तेथे वही भरावयाच्या आधी एक सार्वजनिक ओटा बांधावा लागेल, असे माझे मत झाले आहे. सिमेंटचे नाले आणि दिव्यांचे खांब बांधून झाल्यावर ह्या ओट्याला पैसा कोण देणार, हे मात्र ठरलेले नाही.

मधूनमधून सरकारी खात्यांच्या रंगीत तालमीही होतात. एक मी पाहिली. सकाळी अकराची वेळ, ऊन स्वच्छ, मुले गणवेशात, पाहुण्यांसाठी मांडव. भोंगा झाला, मुले रांगेत निघाली, टाळ्या झाल्या. आमचा पूर असा अकरा वाजता येईल तर फार बरे होईल! तालीम घ्यावयाचीच तर मृग लागण्याच्या आधीच्या एखाद्या अमावस्येला रात्री एक वाजता, वीज बंद करून घ्या, असे आम्ही सुचविले. त्याला अजून लेखी उत्तर आलेले नाही.

आमची स्वतःची रात्रीची तालीम मात्र यंदाच्या जेठात झाली. त्यात तीन गोष्टी अडल्या. शाळेची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई उन्हाळ्याच्या सुटीत सासुरवाडीला. तेव्हा दुसरी किल्ली कोणाकडे ठेवावी ह्यावर तासभर बोलणे झाले आणि शेवटी ती मयतीला बसणाऱ्या त्या बाईकडेच गेली, कारण ती गाव सोडून कोठे जात नाही. वहीची एक प्रत ग्रामपंचायतीत आहे ती पुरात भिजेल, म्हणून दुसरी प्रत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून किराणा दुकानाच्या वरच्या फळीवर ठेवली. तिसरी गोष्ट ढीवरांची. पुराच्या रात्री डोंगा काढला, तो फुटला किंवा वाहून गेला तर भरून कोण देणार, असे त्यांनी सरळ विचारले. प्रश्न अगदी रास्त आहे. गेल्या खेपेला एकाचा डोंगा गेला, त्याला कशाचेही काही मिळाले नाही. गावाने घरटी वर्गणी काढावयाचे ठरविले आहे. किती काढावयाची ह्यावर दिवाळीनंतरच्या बैठकीत बोलणे आहे, आणि ढीवरांनी तोवर होकार दिलेला नाही.